चांदीवरचे पशुपक्षी

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या तळहातावर आत्ता चांदीचं एक नाणं आहे. वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम. त्यावर फांदीवर बसलेला कुकाबुरा, खंड्याचा ऑस्ट्रेलियातला थोराड भाऊबंद. भिंग धरलं की त्याच्या छातीवरची पिसं एकेक करून मोजावीशी वाटतात. पर्थच्या टांकसाळीने हा पक्षी १९९० साली चांदीवर आणला आणि तेव्हापासून दर वर्षी त्याचं नवं चित्र येतं. पुढच्या वर्षी तो कसा बसलेला असेल, या ओढीनेच माणूस या छंदात अडकतो.

चीनचा चांदीचा पांडा १९८३ पासूनचा. त्याचं २००१ चं चित्र २००२ मध्येही तसंच ठेवलं, ते संग्राहकांना अजिबात रुचलं नाही. २००३ पासून चित्र पुन्हा बदलू लागलं. २०१६ पासून हा पांडा औंसाऐवजी ३० ग्रॅमचा झालाय, त्यामुळे भावांची तुलना करताना तो ग्रॅमभराचा फरक जरूर धरा.

आता पैशाचं. अशा नाण्याच्या किमतीत दोन गोष्टी असतात. एक चांदीचा भाव, तो जगाच्या बाजाराबरोबर हलतो. दुसरी त्यावरची घडणावळ आणि हौसेचे पैसे. हे वरचे पैसे परत मिळतील की नाही, ते तोच प्राणी दुसऱ्या कुणाला हवा आहे का, यावर ठरतं. कॅनडाने २०११ ते २०१३ मध्ये लांडगा, अस्वल, कूगर, मूस, प्राँगहॉर्न आणि बायसन अशी सहा नाणी काढली, प्रत्येकाचे नग दहा लाख. नाणी देखणीच आहेत, पण ‘दुर्मीळ’ म्हणून कुणी जास्त दाम मागितला तर हा आकडा आठवा. नुसती चांदीच साठवायची असेल तर माझ्या मते साधी लगड बरी.

आणि एक कळकळीची विनंती. नाणं काळवंडलं तरी घासू नका. कडेने धरा, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याने चांदीवर हिरवट चिकटा धरतो. जाणकार गिऱ्हाईक नाणं हातात घेतलं की आधी दिव्याखाली तिरकं करून फिरवतो, आणि फडक्याची एकेक रेघ त्याला तिथे दिसते.