मत द्यायचं ते कुणासाठी?

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

प्रास्ताविकात मतदानाला पवित्र कर्तव्य म्हटलं गेलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्या विरायच्या आत एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या राज्यघटनेत हे कर्तव्य कुठंही लिहिलेलं नाही. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीनं कलम ५१-क आलं, त्यात दहा मूलभूत कर्तव्यं होती. २००२ साली अकरावं आलं, मुलांच्या शिक्षणाचं. राष्ट्रध्वजाचा मान त्यात आहे, नद्या-तलावांची राखण आहे, वैज्ञानिक दृष्टी आहे. मतदान नाही. कलम ३२६ प्रौढ मताधिकार देतं आणि १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ६२वं कलम सांगतं की ज्याचं नाव यादीत, त्याला मत द्यायचा हक्क. तिथंच विषय संपतो.

मी शाळामास्तर, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी कधी चुकली नाही. केंद्राध्यक्ष म्हणून बसलेल्या माणसाला नियम ४९-ओ माहीत असतो. मतदार आला, १७-अ नोंदवहीत सही किंवा अंगठा झाला, आणि मग तो म्हणाला, ‘मला नाही मत द्यायचं’, तर आम्ही शेरा लिहायचा, त्यावर त्याची सही घ्यायची आणि त्याला जाऊ द्यायचं. समजूत घालत बसायचं नाही. कायदा इतका मोकळा आहे.

तरीही मी म्हणतो की मत देणं हे कर्तव्य आहे. फक्त ते कुणाप्रती, यात आपली गल्लत होते. आपण धरून चालतो की ते देशाप्रती, सरकारप्रती. मला वाटतं, ते आपल्याच यादीभागातल्या, म्हणजे आपल्याच केंद्रावर नाव असलेल्या, इतर माणसांप्रती आहे. हे जरा उलगडून सांगतो, कारण नेहमी दिली जाणारी दोन कारणं मला पटत नाहीत.

पहिलं कारण म्हणजे ‘एका मतानं सरकार फिरतं’. राजस्थानात २००८ साली नाथद्वारामध्ये काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मतानं हरले, हे उदाहरण आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते खरं आहे आणि म्हणूनच ते सारखं सांगावं लागतं, कारण तसं दुसरं चटकन सापडत नाही. विधानसभेच्या मतदारसंघात लाखांनी मतदार असतात. माझ्या एकट्याच्या मतानं निकाल फिरेल ही आशा फोल आहे. कॉलेजातली मुलं हे मला तोंडावर सांगतात, आणि त्यांचं गणित बरोबर असतं. दुसरं कारण म्हणजे ‘मत दिलं नाही त्याला तक्रारीचा हक्क नाही’. हे तर सपशेल चूक. सतरा वर्षांच्या मुलीला मत नाही, तिनं खड्ड्यांबद्दल बोलू नये काय?

आता माझं कारण. मतमोजणी संपली की नमुना २० तयार होतो. त्यात कोणत्या केंद्रावर कुठल्या उमेदवाराला किती मतं पडली, ते ओळीनं लिहिलेलं असतं. तुमचं मत गुप्त आहे, तुमच्या केंद्राचं नाही. पक्षांच्या कचेऱ्यांत हे तक्ते पुढची पाच वर्षं वापरले जातात. कुठल्या गल्लीत सभा घ्यायची, कुठं नुसतं पत्रक टाकायचं आणि कुठं फिरकायचंच नाही, हे त्यावरून ठरतं. आता शहरातला एखादा यादीभाग डोळ्यांसमोर आणा. हजार-बाराशे नावं. पुढं बंगले, मागं चाळ, मधे दोन अपार्टमेंट, आणि त्यांचा वॉचमन. बंगल्यातला माणूस पाणी आलं नाही तर टँकर मागवतो. मुलं खासगी शाळेत, डॉक्टर खासगी. चाळीतल्या बाईला महापालिकेचाच नळ, महापालिकेचीच शाळा, महापालिकेचाच दवाखाना. ती कामावर जायच्या आधी सकाळी सात वाजता रांगेत उभी राहून मत देते. बंगलेवाले महाबळेश्वरला गेलेले असतात. संध्याकाळी त्या केंद्राचा आकडा लागतो ४० टक्के. तिनं मत देऊनही तिचं केंद्र हिशेबात हलकं ठरलं. ज्यांना गरज नव्हती, त्यांनी गरज असलेल्या बाईचं वजन कमी केलं.

यावर एक हुशार आक्षेप मी ऐकलाय. श्रीमंत मत देत नाहीत हे बरंच की, गरिबांच्या मताला तेवढी किंमत वाढते! मला हे पटत नाही. मत न देणारा श्रीमंत गप्प बसत नाही हो. तो फोन करतो, देणगी देतो, क्लबात भेटतो. त्याचं म्हणणं पोचतंच, फक्त बंद दाराआड. रांग ही एकच जागा अशी, जिथं त्याचं म्हणणं आणि कामवाल्या बाईचं म्हणणं सारख्या वजनाचं होतं. तीच जागा त्यानं टाळायची, हे मला सभ्यपणाचं वाटत नाही.

२०२४च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ६६ टक्के मतदान झालं. दक्षिण मुंबईतल्या कुलाबा मतदारसंघात ते सुमारे ४४ टक्के होतं. गडचिरोली जिल्ह्यात ७० टक्क्यांच्या वर. गडचिरोलीच्या संवेदनशील भागांत सुरक्षेसाठी मतदान दुपारी तीनलाच बंद होतं. नक्षलवाद्यांचा बहिष्कार असायचा, तेव्हा बोटावरची शाईसुद्धा जिवावर बेतू शकत होती, आणि तरी माणसं जंगलातून चालत येत. शहरांच्या आकड्यांबद्दल मात्र एक सांभाळून बोलायला हवं. तिथल्या याद्यांत घर सोडून गेलेल्यांची, वारलेल्यांची, दोन ठिकाणी नोंद असलेल्यांची नावं राहून जातात. त्यामुळे टक्का दिसतो त्याहून खरा थोडा जास्त असणार. शहरी माणसाला झोडपण्याआधी एवढी सूट त्याला द्यायला हवी.

मग सक्ती करा, असं कुणीतरी म्हणतंच. गुजरातेत तो प्रयोग झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी सक्तीच्या मतदानाचं विधेयक २००९ साली विधानसभेत मंजूर झालं, राज्यपालांची संमती २०१४ साली मिळाली, २०१५ साली शंभर रुपये दंड ठरला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. विधी आयोगानंही २०१५च्या आपल्या २५५व्या अहवालात सक्ती नको असंच सांगितलं. सक्तीवाले ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवतात. तिथं १९२४पासून सक्ती आहे, दंड वीस डॉलर, आणि मतदान नव्वदीच्या आसपास. पण तिथं मतदान शनिवारी असतं, टपालानं मत देता येतं, रुग्णालयांत आणि दुर्गम वस्त्यांत फिरती केंद्रं जातात, स्वतःच्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर जाऊन मत टाकता येतं. तिथल्या सरकारनं आधी स्वतःच्या वाट्याचं केलं आणि मग दंडाची पावती फाडली.

आपल्याकडे काय आहे ते ऊसतोड मजुरांना विचारा. २०१९ साली विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला होतं. २०२४ साली ते २० नोव्हेंबरला आलं. गाळप हंगाम सरकारनंच १५ नोव्हेंबरपासून ठरवलेला. बीड, पाथर्डी, जालना या पट्ट्यातला ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचल घेऊन तोवर सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडात पोचलेला असतो. नाव गावच्या यादीत, माणूस शेकडो किलोमीटरवर. त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३५-ब कलम सांगतं की मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्या. कुणी द्यायची? मजुरी टनावर आणि हिशेब मुकादमाकडे. कारखाना म्हणतो, ही आमची माणसं नाहीत. बरं, उमेदवारानं गाडी पाठवून माणसं आणली, तर १२३व्या कलमाखाली तो भ्रष्टाचार ठरतो. ठरायलाच हवा. पण मग सरकारनं तरी गाडी पाठवावी, तर तीही नाही. सैनिकाला टपाली मत आहे, आमच्यासारख्या ड्यूटीवरच्यांना आहे, पंच्याऐंशी ओलांडलेल्यांना घरबसल्या मत देता येतं. फडातल्या बाईला काही नाही. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राची कल्पना निवडणूक आयोगानं २०२३च्या सुरुवातीला पक्षांपुढे मांडली. पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथंच राहिलं. शंका सगळ्याच खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या राज्यातल्या केंद्रावर आपला प्रतिनिधी कोण बसवणार, हा रास्त प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर शोधायची घाई कुणाला नव्हती, हेही खरं. या बाईला उद्या कुणी कर्तव्य चुकवल्याबद्दल शंभर रुपये दंड केला, तर कर्तव्य नेमकं कुणी चुकवलं?

आणि ज्यांना रांगेपर्यंत पोचता येतं, त्यांना तरी मत मागितलं जातं का? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात. त्यानंतर प्रशासक. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, तारखांवर तारखा. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. तीन वर्षांहून जास्त काळ ज्या शहरांत मतदारच विचारला गेला नाही, तिथल्या भिंतींवर ‘मतदान करा’ची चित्रं मात्र ताजी होती.

खेड्यातला प्रकार वेगळा. तिथं रांग लागते, टक्का ऐंशीवर जातो, आणि शहराला आपण तेच उदाहरण देतो. पण ‘गावची एकी’ म्हणून निवडणूक बिनविरोध करायची चाल आहे, तिकडे आपण कौतुकानं बघतो. काही ठिकाणी ती खरोखर एकी असते. जानेवारी २०२१मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथली ग्रामपंचायत निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं रद्द केली, कारण सरपंचपदाचा लिलाव झाला होता. उमराण्यातली बोली दोन कोटींच्या वर गेली होती. पैसे मंदिराला जाणार होते म्हणून अनेकांना त्यात वावगं वाटलं नाही. ज्याच्याकडे बोलीचे पैसे नाहीत, त्याचं मत तिथं आधीच काढून घेतलेलं असतं, आणि काढून घेणारं सरकार नसतं, आपला शेजारी असतो. मघाशी मी कर्तव्य शेजाऱ्याप्रती आहे म्हणालो, त्यात हेही येतं. स्वतः मत देणं सोपं आहे. दुसऱ्याला ते देता यावं म्हणून अर्ज भरून उभं राहणं, किंवा ‘बिनविरोध नको’ असं ग्रामसभेत म्हणणं, याला जास्त छाती लागते.

एक चिठ्ठी आली आहे. ‘सगळेच उमेदवार नालायक असतील तर?’ चांगला प्रश्न आहे. १९५२ची एक गोष्ट सांगतो. उत्तर मुंबई मतदारसंघातून तेव्हा दोन खासदार निवडायचे होते, एक जागा राखीव. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला दिली तर एक बाद. त्या निवडणुकीत डॉ. आंबेडकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले, आणि बाद ठरलेली मतं होती सुमारे ७४ हजार. ही मतं मुद्दाम वाया घालवायला लावली, अशी तक्रार घेऊन आंबेडकर आणि तिथंच हरलेले समाजवादी उमेदवार अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले. ती तक्रार टिकली नाही. पण न दिलेलं किंवा वाया घालवलेलं मत कुणाच्याच पदरात पडत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आकडे बघावेत.

म्हणून माझं उत्तर असं: नालायकांतला कमी नालायक ओळखता येत असेल, तर त्याला मत द्या. अजिबात येत नसेल तर ‘नोटा’ दाबा, पण जाऊन दाबा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानं ते बटण मिळालं. २०१९ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा सुमारे साडेसत्तावीस हजार मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिला. विधानसभेला त्यानं निकाल बदलत नाही. स्थानिक निवडणुकांत मात्र आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ला ठरवलं की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. बिनविरोध झाली, तर मतदानच होत नाही, मग तेही बटण नाही.

दुसरी चिठ्ठी आहे, नाव दुसऱ्या शहरात आहे त्याचं काय करायचं. नमुना ८ भरा. मागच्या टेबलावर कोरे अर्ज ठेवलेत, आपल्या भागाचे बीएलओ, म्हणजे मतदारयादी सांभाळणारे केंद्रस्तरीय अधिकारी, नऊपर्यंत तिथंच आहेत.