जिरार्डचं दुकान

(दृश्य : न्यूयॉर्कमधल्या एका दुकानाची कृष्णधवल छायाचित्रं. उभ्या सोडलेल्या कापडाच्या पट्ट्या, मधूनमधून मातीच्या आणि लाकडाच्या मूर्ती.)

मे १९६१. न्यूयॉर्क शहर, पूर्वेकडचा ५३वा रस्ता.

हर्मन मिलर ही फर्निचर बनवणारी अमेरिकन कंपनी. ऑफिसातल्या खुर्च्या, टेबलं, कपाटं हा तिचा खरा धंदा. या कंपनीनं इथे एक दुकान उघडलं, आणि त्यात मान होता तो कापडाला, उशांना आणि देशोदेशींच्या कारागिरांनी घडवलेल्या खेळण्यांना. दुकानाचं नावही सरळच : ‘टेक्स्टाइल्स अँड ऑब्जेक्ट्स’. कापडं आणि वस्तू. खास या दुकानासाठी मॅरिलिन न्यूहार्ट या डिझायनरनं शंभर बाहुल्या बनवल्या होत्या. प्रत्येक बाहुली हातानं भरतकाम केलेली.

दुकानाची सगळी कल्पना एका माणसाची. अलेक्झांडर जिरार्ड. मित्रमंडळी त्यांना सँड्रो म्हणायची.

पुस्तकांत जिरार्ड यांची ओळख वास्तुविशारद, कापडाचे डिझायनर, अंतर्गत सजावटकार अशी करून दिलेली असते. ती खोटी नाही. पण त्यांचं काम बघत गेलं की वाटतं, हा माणूस मुळात दुकानदार होता. वस्तू हेरायची, उचलून आणायची, कुणाच्या शेजारी कुणाला उभं करायचं ते ठरवायचं आणि येणाऱ्याला थांबायला लावायचं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. कधी वस्तू विकायला मांडल्या, कधी नुसत्या बघायला.

(दृश्य : फ्लॉरेन्स शहर. नदी, पूल, जुनी घरं.)

जन्म १९०७ चा, न्यूयॉर्कमधला. बालपण मात्र इटलीत, फ्लॉरेन्समध्ये गेलं. तिकडे नाताळात येशूच्या जन्माचा देखावा मांडतात. गोठा, मेंढपाळ, राजे, गाढवं आणि भोवती आख्खं गाव : पाववाला, लोहार, पाणी भरणाऱ्या बाया. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांच्या आजूबाजूला गवळण, वाणी आणि भाजीवाली बसते ना, तसंच. या मातीच्या माणसांनी त्या पोराला लहानपणीच वेड लावलं, आणि ते वेड पुढे कधी उतरलंच नाही.

शिक्षणासाठी त्याला इंग्लंडला वसतिशाळेत पाठवलं. तिथे त्यानं आपल्यापुरता एक देशच काढला, ‘रिपब्लिक ऑफ फाइफ’. त्याचे नकाशे, झेंडे, नाणी, गुप्त लिपी सगळं स्वतः आखलेलं. शाळेतली मुलं असले उद्योग करतातच. फरक इतकाच, की या मुलाचा तो उद्योग थांबला नाही. पुढे एका विमान कंपनीनं याच वृत्तीचे पैसे मोजले. ते पुढे येईलच.

लंडनमध्ये वास्तुकला शिकून जिरार्ड इटलीला आणि तिथून १९३२ मध्ये न्यूयॉर्कला परतले. १९३६ मध्ये सुझन नीडहॅम यांच्याशी लग्न झालं. सुझन यांचं नाव अनेक लेखांत ‘पत्नी’ या एका शब्दात उरकलेलं दिसतं. पण पुढचा सगळा संग्रह दोघांचा आहे. प्रवास दोघांनी केले, खरेदी दोघांनी केली आणि खोकीही दोघांच्याच घरात येऊन पडली.

(दृश्य : मेक्सिकोतला बाजार. मातीची भांडी, रंगवलेली खेळणी, कागदाचे सांगाडे.)

१९३९ मध्ये दोघं मेक्सिकोला गेले, आणि संग्रहाला खरी सुरुवात झाली.

मेक्सिकोतल्या बाजारात त्यांना दिसलं काय? मृतांच्या दिवसासाठी साखरेच्या कवट्या. रंगीत फुला-पानांनी लगडलेलं मातीचं झाड आणि त्याच्या फांद्यांवर बसलेले आदम आणि ईव्ह. शिट्ट्या. मातीचे बैल. यातल्या बऱ्याच वस्तू सणापुरत्या बनवलेल्या, सण सरला की फुटून जाणाऱ्या. संग्राहक सहसा दुर्मीळ, जुनं, सहीचं काहीतरी शोधत फिरतात. जिरार्ड दांपत्यानं बाजारातली आजची वस्तू उचलली, आणि तीही एकच नाही, ढिगानं. एका मातीच्या बाईनं काय होणार? बाजार मांडायचा तर पन्नास बाया लागतात.

हा हिशेब दुकानदाराचा आहे.

तोवर ते डेट्रॉइटला राहायला आले होते. शहराला लागून असलेल्या ग्रोस पॉइंट इथे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ आणि दुकान थाटलं. नव्या धाटणीचं फर्निचर आणि लोककलेच्या वस्तू एकाच छपराखाली. याच काळात रेडिओ संचांच्या डिझाइनच्या कामातून चार्ल्स ईम्स या फर्निचर डिझायनरशी ओळख झाली आणि ती आयुष्यभर टिकली. १९५२ मध्ये हर्मन मिलरनं कापड विभाग त्यांच्या हाती सोपवला. १९७३ पर्यंत त्यांनी तो सांभाळला, तीनशेहून अधिक कापडं दिली. पट्टे, चौकटी, पानं, चेहरे. त्या काळच्या अमेरिकन ऑफिसांतल्या करड्या-तपकिरी रंगांत त्यांनी गुलाबीशेजारी केशरी बसवला. बाजारात फिरलेल्या माणसालाच असं धाडस होतं.

(दृश्य : कापडांचे जवळून घेतलेले तुकडे. मग पाण्यात पडलेलं साड्यांचं प्रतिबिंब.)

आता १९५५. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट. ‘भारतातली वस्त्रं आणि आभूषणकला’ या विषयावरचं प्रदर्शन एप्रिलमध्ये उघडलं. मांडणी जिरार्ड यांची. म्युझियम म्हटलं की काचेची पेटी, खाली पाटी आणि हात लावू नका. जिरार्ड यांनी उभा केला एक काल्पनिक बाजार. पन्नास फूट लांब पाण्याचा हौद, त्याच्या कडेनं सोनेरी खांब आणि वरून सोडलेली वस्त्रं. साडी घडी घालून ठेवली की कळत नाही, ती पडल्यावर कळते, हे आपल्याकडच्या कुठल्याही साडीविक्याला ठाऊक असतं. गादीवर तो ती झटक्यात उलगडतो ते काही उगाच नाही.

या एका प्रदर्शनाभोवती काय काय घडलं ते ऐकण्यासारखं आहे. त्याच निमित्तानं येहुदी मेन्युइन या व्हायोलिनवादकाच्या पुढाकारानं अली अकबर खाँ यांचं सरोद अमेरिकेत वाजलं. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ भारतात प्रदर्शित होण्याआधी याच म्युझियममध्ये दाखवला गेला. चार्ल्स ईम्स आणि त्यांच्या पत्नी रे यांनी प्रदर्शनावर एक छोटा चित्रपट केला. आणि भारतातल्या हातमाग-हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकर यांची ईम्स यांच्याशी गाठ पडली. पुढे भारत सरकारनं ईम्स दांपत्याला बोलावलं, त्यांनी १९५८ मध्ये ‘इंडिया रिपोर्ट’ लिहिला. आपल्या साध्या लोट्याचं कौतुक त्यांनी केलं ते त्यातच. त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. याचं श्रेय जिरार्ड यांना देणं अतिशयोक्तीचं होईल. पण माणसं ज्या बाजारात एकमेकांना भेटली, तो बाजार त्यांनी मांडला होता.

(दृश्य : रंगीत विमानं. धावपट्टीवर केशरी, पिवळं, निळं.)

मग मोठी कामं आली. १९६० मध्ये न्यूयॉर्कचं ‘ला फोंदा देल सोल’ हे लॅटिन अमेरिकन रेस्टॉरंट. तिथे मेनूकार्डापासून काडेपेटीपर्यंत सूर्यच सूर्य, प्रत्येकाचा चेहरा निराळा, आणि भिंतीतल्या कोनाड्यांत लोककलेची खेळणी. १९६५ मध्ये ब्रॅनिफ या विमान कंपनीनं सगळं रूप बदलायला दिलं. विमानांच्या रंगापासून साखरेच्या पुडीपर्यंत १७,५४३ गोष्टी नव्यानं आखल्या गेल्या. शाळेतल्या त्या ‘फाइफ’ देशाला अखेर विमानदलही मिळालं म्हणायचं.

आणि ५३व्या रस्त्यावरचं दुकान?

ते काही वर्षांतच बंद झालं.

वाईट वाटतं, पण नवल वाटत नाही. मेक्सिकोच्या बाजारात चिल्लर देऊन मिळणारी मातीची कोंबडी न्यूयॉर्कमध्ये पांढऱ्या कोनाड्यात ठेवली की गिऱ्हाईक गोंधळतं. हे खेळणं आहे की कलाकृती? पोराला द्यायचं की शोकेसमध्ये ठेवायचं? आज घर सजवायच्या प्रत्येक मोठ्या दुकानात ‘हस्तकला’ असा एक कोपरा असतो, त्यामुळे आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. १९६१ मध्ये ही सवय कुणाला नव्हती. शिवाय जिरार्ड विकण्यात कच्चे असावेत असा मला दाट संशय आहे. ज्याला प्रत्येक वस्तू आपल्याकडेच ठेवाविशी वाटते, त्याच्या हातून गल्ला भरणं अवघडच.

(दृश्य : सांता फे. मातीच्या भिंती, निळं आकाश.)

१९५३ पासून जिरार्ड कुटुंब न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे राहत होतं, कच्च्या विटांच्या जुन्या घरात. त्याच वर्षी त्याच गावात फ्लॉरेन्स डिबेल बार्टलेट यांनी स्थापन केलेलं आंतरराष्ट्रीय लोककलेचं म्युझियम सुरू झालं होतं. घरासाठी म्हणून जिरार्ड यांनी स्वतःच्या हातांनी लाकडी बाहुल्या रंगवल्या. गंभीर, हसऱ्या, जराशा खाष्ट चेहऱ्यांच्या. त्यांच्या प्रतिकृती आज एक युरोपीय कंपनी बनवते आणि त्या जगभर विकल्या जातात. मूळ कल्पना मात्र विक्रीची नव्हतीच.

संग्रह घरात मावेना. १९७८ मध्ये दोघांनी तो या म्युझियमला देऊन टाकला. शंभराहून अधिक देशांतल्या सुमारे १,०६,००० वस्तू. त्यासाठी वेगळं दालन बांधावं लागलं. १९८२ मध्ये ते उघडलं, आणि आतली मांडणी पुन्हा जिरार्ड यांचीच.

(दृश्य : दालनातली छोटी गावं. कॅमेरा मातीच्या माणसांच्या उंचीवर.)

इथे जवळपास दहा हजार वस्तू दिसतात. मातीच्या माणसांचं मेक्सिकन गाव, त्यात बाजार, चर्च, मिरवणूक. एका ठिकाणी स्वर्ग आणि नरक वर-खाली. काही देखावे बघायला वाकावं लागतं, काहींसाठी मान वर करावी लागते. आणि पाट्या नाहीत. कुठल्या देशातलं, कुठल्या सालातलं, हे भिंतीवर कुठेच लिहिलेलं नाही. हवं असेल त्यानं हातात पुस्तिका घ्यावी आणि आकडा जुळवून वाचावं. आधी बघा, मग वाचा, असा आग्रह.

बघायला ही पद्धत फार सुंदर आहे. पण इथेच माझी एक तक्रार आहे. पाटी गेली तसं बनवणाऱ्याचं नावही गेलं. मांडणाऱ्याचं नाव मात्र दालनाच्या दारावर आहे. बाजारात वस्तू घेताना कुणी कुंभाराचं नाव विचारत नाही हे खरं, पण ती वस्तू समुद्र ओलांडून म्युझियममध्ये गेली की प्रश्न बदलतो. जिरार्ड यांच्या बाजूनं एवढं सांगता येईल, की जुन्या कलेची हळवी नक्कल करू नका, तिच्यातून आजच्या निर्मितीला बळ मिळू द्या, असं ते बजावत असत. पण बळ कुणाला मिळालं? डिझायनरला मिळालं. कुंभाराला किती मिळालं, ते संग्रहाकडे बघून कळत नाही.

१९९३ च्या शेवटच्या दिवशी जिरार्ड गेले.

(दृश्य : उघड्यावरचा बाजार. कापडी छत, गर्दी, नाना भाषांचा गलका.)

त्यानंतर अकरा वर्षांनी, २००४ मध्ये, याच म्युझियमच्या अंगणात आंतरराष्ट्रीय लोककला बाजार भरायला लागला. अनेक वर्षं तो तिथेच भरत होता, आता गावातल्या रेल्वे यार्डाजवळच्या बागेत भरतो. फरक हा, की इथे वस्तूबरोबर कारागीरही येतो. व्हिसा काढून, विमानात बसून, पेट्या कस्टममधून सोडवून. पेरू, उझबेकिस्तान, आफ्रिकेतले देश. आपल्या कच्छमधले अजरख छापणारे आणि बांधणीवालेही. टेबलावर कारागिराचं आणि देशाचं नाव लिहिलेलं असतं. निळा रंग कसा चढतो हे कुणी विचारलं, तर छापणारा स्वतः सांगतो : नीळ पिंपात आंबवायची, कापड बुडवायचं, बाहेर काढलं की आधी हिरवट दिसतं, हवा लागली की निळं होतं. ऐकता ऐकता गिऱ्हाईक दुपट्टा खांद्यावर टाकून बघतं, आणि भाव विचारतं.