विचारायची वेळ

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'अनिश्चिततेतील नेतृत्व'. एवढा जड शब्द वाचूनही तुम्ही आलात, याचं कौतुक वाटतं. मी मात्र एका भिंतीपासून सुरुवात करणार आहे.

मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. दोन-अडीच फूट जाडीची भिंत. आतून दगडाचा एक थर, बाहेरून दुसरा, मधे चिखल आणि बारीक दगडगोट्यांची भर. वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा भला थोरला थर. उन्हाळ्यात आत काय गारवा असतो! पण दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक घरांत घातलेलाच नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत भूकंपानं या भिंतींची पोटं फुटली आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. काही मोजण्यांत आकडा याहून मोठा आहे.

आता त्या सकाळी तिथं पोचलेल्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. त्यानं बैठक बोलवायची? सर्वांचं मत घ्यायचं? छे. ढिगारा उपसा, जखमींना गाडीत घाला, प्रेतांना अग्नी द्या, पाणी आणा. हुकूम द्यायचा आणि पुढं सरकायचं. चार हुकूम चुकतील, चुकू देत. अशा वेळी थांबणं हीच सगळ्यात मोठी चूक.

डेव्ह स्नोडन नावाचे वेल्श अभ्यासक आहेत. आयबीएममध्ये असताना त्यांनी एक मांडणी केली आणि तिला नाव दिलं 'कनेव्हिन'. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : काही प्रश्नांचं उत्तर ठरलेलं असतं, ते नियमानं सोडवा. काहींचं उत्तर असतं, पण जाणकारालाच सापडतं. काहींचं उत्तर आधी कळतच नाही, थोडं करून बघावं लागतं. आणि काही वेळा सगळाच गोंधळ असतो, तिथं आधी हात चालवायचा, विचार मागाहून. ही यादी तुम्हाला कुठल्याही व्यवस्थापनाच्या वर्गात मिळेल. मला जास्त आवडतो तो शब्द. वेल्श मेंढपाळ आपल्या कळपाच्या ओळखीच्या टेकडीला कनेव्हिन म्हणतात. आपल्याकडची 'वहिवाट' त्याच्या बरीच जवळ जाते. हा शब्द लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्याकडे.

किल्लारीत हे चारही प्रकार एकाच वेळी होते, गंमत म्हणा की शोकांतिका. धान्यवाटप आणि मृत्यूची नोंद हे ठरलेलं काम, कारकुनानं चोख करावं. भूकंपात टिकणारं घर कसं बांधायचं हा अभियंत्याचा प्रश्न. तिथं गावसभेत हात वर करून मतं घेण्यात अर्थ नाही. तोवर नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढं २००२ मध्ये नकाशा बदलला.

आणि मग खरा अवघड प्रश्न आला : माणसांनी राहायचं कुठं?

लोकांना विचारलं नाही, असा आरोप मी करणार नाही. लोक स्वतःच सांगत होते, आम्हाला इथं नको. दगडाचं नाव काढलं तरी अंगावर काटा येत होता. खरं तर दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. पण ज्याच्या लेकरावर भिंत पडली त्याला हे कसं समजावणार? लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, आखीव प्लॉट, सुटी सुटी घरं. नगररचना म्हणून देखणी. पण आपल्याकडं गाव म्हणजे पांढरी आणि काळी, म्हणजे वस्ती आणि शेतजमीन. पांढरी हलली, काळी जिथल्या तिथं राहिली. शेत लांब पडलं. बैल बांधायचे कुठं, कडबा रचायचा कुठं? ज्या बोळात बाया दाराशी बसून बोलायच्या, तो बोळच नकाशात नव्हता. हीच ती वहिवाट. पुढं लोकांनी त्या घरांना पत्रे जोडले, आडोसे केले, आपल्या सोयीनं वापर बदलला.

माझ्या मते इथं नियत नाही, वेळ चुकली. ढिगारा उपसताना जो वेग गुण होता, तोच गाव वसवताना अंगाशी आला. भीती ताजी असताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भीतीच देते. आधी पाच-दहा घरं बांधून त्यांत एक पावसाळा काढू दिला असता, तर बैलाचा प्रश्न बैलानंच विचारला असता. अर्थात पाल ठोकून राहणाऱ्या माणसाला 'थांबा, प्रयोग चाललाय' म्हणणं सोपं नाही, आणि मी हे तीस वर्षांनी पंख्याखाली उभा राहून बोलतोय.

जी घरं उभी होती, त्यांच्या दुरुस्तीचं काम मात्र वेगळ्या चालीनं गेलं. पैसा हप्त्यानं घरमालकाच्या हाती, गवंडी त्यानं आणायचा, अभियंत्यानं सांगायचं आणि तपासायचं. गावोगाव बायकांना 'संवाद सहायक' केलं, म्हणजे गावकरी आणि सरकारी यंत्रणा यांच्यातला दुवा. सुरुवात रखडत झाली. कागद कळेनात, लोकांचा विश्वास बसेना. मग एका घराची भिंत भोकं पाडून, आरपार सांधे घालून पक्की झालेली शेजारणीनं पाहिली की तिला आपल्याही घराला ते हवं व्हायचं. भिंतीकडं बोट दाखवून 'हे इथं का घातलं?' असं गवंड्याला विचारणारी बाई ही त्या कामाची खरी तपासनीस.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं. तिथं बहुसंख्य घरं मालकांनीच बांधायची असं धोरण ठरलं. आणि आपल्या भागातल्या काही बाया तिकडं गेल्या, तिथल्या बायांशी बोलायला. भाषा वेगळी, पण भिंत दाखवून बोलता येतं.