मूल एकटं पाठवावं असं दुकान

मंडळी, दुकानाच्या पन्नाशीला दुकानदाराने गिऱ्हाइकांचे आभार मानायचे आणि पाहुण्याने दुकानदाराचं कौतुक करायचं, अशी रीत आहे. कौतुक नंतर होईलच. मला आधी विचारायचंय, आभार नेमके कुणाचे?

माझ्या लेखी त्या आईबापांचे, ज्यांनी पहिल्यांदा आपलं पोर एकटं दुकानात धाडलं. सात-आठ वर्षांचं वय, मुठीत घामेजलेली नाणी, वाटभर घोकत आणलेली यादी. काउंटरच्या वर नुसतं कपाळ दिसतंय आणि त्याच्या डोक्यावरून चार मोठी माणसं हात पुढे करतायत. तेव्हा दुकानदार ‘थांबा हो, हा आधी आलाय’ म्हणतो की नाही, सुटे पैसे मोजून त्याची मूठ मिटवतो की नाही, यावर त्या घराची पुढची तीस वर्षं ठरतात. मला लहानपणी एकदा पैसे कमी परत मिळाले. परत गेलो तर उत्तर आलं, ‘तेव्हाच मोजायचे होते.’ ते दुकान पुढे किती चाललं, देव जाणे. आमच्या घरापुरतं त्याच दिवशी बंद झालं!

हा मुद्दा माझा नव्हे, साडेतीनशे वर्षं जुना आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घासाघीस सर्रास चाले. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे दुकानदार मात्र एकच भाव सांगत. आधी चढवून सांगायचं आणि मग उतरायचं, हे त्यांना खोटं बोलणं वाटे. ही माणसं कुणापुढे मान म्हणून टोपीही काढत नसत. लोक बिचकले, गिऱ्हाइकं तुटली. मग हळूहळू ती परत येऊ लागली. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी त्याचं कारण लिहून ठेवलंय: या दुकानांत मूल पाठवलं तरी त्याच्याशी आईबापांसारखाच व्यवहार होतो, हे लोकांना अनुभवाने कळलं. म्हणजे पारख पोराच्या हातून झाली.

पुढे पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या दुकानात 1852 मध्ये अरिस्तीद बुसिको भागीदार झाले. तिथे वस्तूवर ठरलेला भाव असे, आणि मुलांना रंगीत चित्रांची कार्डं मिळत. कार्डांचा संच पुरा करायचा तर आईला परत यावंच लागे! चलाखी होतीच, पण पोर खूश होत असेल तर मी तिला नावं ठेवणार नाही.

आता पन्नास वर्षं मोजायची तर मोजायचं काय? लिस्बनमधलं बर्ट्रांड हे पुस्तकांचं दुकान 1732 सालचं. 1755 च्या भूकंपात त्याची जागा गेली, पुढे मालकही बदलले. तरी लोक त्याला तेच दुकान म्हणतात. जपानी दुकानाच्या दारावर कापडी पडदा असतो, ‘नोरेन’. त्या शब्दाचा दुसरा अर्थ दुकानाची पत. तिकडे हिशेबातही दुकानाच्या नावलौकिकाला नोरेनच म्हणतात. आपणही रात्री दुकान ‘बंद’ करत नाही, ‘वाढवतो’. आपल्या बोलीला दुकान बंद झालेलं खपत नाही.

तर मालक, आभार मानताना मोठ्या गिऱ्हाइकांची नावं घ्याल, घ्या. उधारी वेळेवर फेडणाऱ्यांचीही घ्या. ती माणसं दुर्मीळ. पण जुन्या काउंटरची खालची फळी एकदा वाकून पाहा. वरची कड झिजते मोठ्यांच्या कोपरांनी. खालची झिजते चवड्यांवर उभं राहून वर डोकावणाऱ्या मुलांच्या चपलांनी. दुकानाचं नवं रूप करायला घेतलं की सुतार पहिल्यांदा तीच काढतो. त्याला सांगा, तेवढी राहू दे.