सहा एक सात चार

नमस्कार मंडळी, कागद-पेन घ्या पटकन, नसेल तर कॅलेंडरची मागची बाजू पण चालेल. आज आपल्या डहाणूत १९०५ला जन्मलेले द. रा. कापरेकर. फर्ग्युसनला शिकताना १९२७ला त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, आणि परांजपे कुठले, तर आपल्या दापोलीतल्या मुर्डीचे, म्हणजे बक्षीसही कोकणातलं नि पोरगाही कोकणातला! पुढे १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. आणि १९४९चा त्यांचा आकडा, सहा एक सात चार, ६१७४.

करायचं काय, कुठलेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजाबाकी. उत्तराचं परत तेच. फार तर सात वेळा, की आलंच ६१७४.

तर मी हर्णै बंदरावर, लिलावाला वेळ होता, म्हणून पाटीवाल्या मावशींना दाखवायला ओल्या वाळूत शिंपल्याने मास्तरांचं जन्मसालच लिहिलं, १९०५. ९५१० वजा ०१५९, ९३५१. मग ८१७२. मग ८७२१ वजा १२७८, मी लिहिलं ७४५३, तर मावशी बांगडे लावता लावता म्हणतात, "हातचा खाल्लास की रे, ७४४३!" (शाळेत चार वर्षं गेलेली बाई, आणि आपली पोरं दोन वडापावचा हिशोब मोबाईलवर करतात, असो.) मग म्हणाल्या, चुकीचंच धरलं असतंस तर? धरलं. ४०८६ आलं, आणि पुढच्याला परत ८१७२! गाडी फिरून त्याच स्टॉपवर. यावेळी हातचा नीट घेतला, ७४४३, ३९९६, तेवढ्यात लाट आली नि सगळं पुसलं, मागे सरकून परत लिहिलं, ६२६४, ४१७६, आणि सहा एक सात चार. चूक सोडली तर बरोबर सात वेळा, मास्तरांचं जन्मसालच सगळ्यात लांबच्या वाटेचं निघालं!

मावशींनी वाळूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हंजे कुठनंपण सुरू कर, शेवटी एकाच आकड्यावर यायचं?"

हो म्हटलं.

"मग मघापासून घासाघीस कशाला करतोयस? तीनशे काढ."

काढले, मंडळी.