क्लिक एकच, ऐकणारे अनेक

बटणावर क्लिक झालं की काय चालवायचं, हे प्रत्येक फ्रेमवर्क, म्हणजे वेबपानं बांधायचा तयार सांगाडा, आपापल्या पद्धतीने लिहायला लावतं. कंसापासून सुरुवात करतो, कारण फ्रेमवर्क बदललं की पहिला दिवस हमखास कंसातच जातो. व्ह्यू या फ्रेमवर्कच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या आराखड्यात, ‘सेव्ह’ नावाचं फंक्शन क्लिकला जोडताना नुसतं ‘सेव्ह’ लिहा नाहीतर ‘सेव्ह()’ लिहा, दोन्ही चालतं. ती सवय घेऊन रिअ‍ॅक्टमध्ये आलात आणि ऑनक्लिकला ‘सेव्ह()’ दिलंत, की बटणाला हात लागायच्या आधी, रेंडर होतानाच, म्हणजे पान तयार होतानाच, फंक्शन पळून मोकळं. अँग्युलरमध्ये उलटी गंमत: तिथे कंस विसरलात तर बटण दाबलं जातं आणि काहीच होत नाही, चुका दाखवणारा ब्राउझरचा कन्सोलही गप्प. रिअ‍ॅक्टला फंक्शन हवं असतं, अँग्युलरला चालवायचं विधान. व्ह्यू दोन्ही समजून घेतं, आणि माझ्या मते आपल्याला बिघडवतंही तेच.

जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवाल्यांची खोड वेगळी. तिथे ‘रिटर्न फॉल्स’ म्हटलं की ब्राउझरची मूळ कृतीही (लिंक उघडणं वगैरे) थांबते आणि इव्हेंटचं, म्हणजे क्लिकच्या सूचनेचं, बाहेरच्या घटकांकडे वर वर जाणंही. रिअ‍ॅक्टमध्ये त्याने काहीही थांबत नाही. पहिल्यासाठी प्रिव्हेंटडिफॉल्ट आणि दुसऱ्यासाठी स्टॉपप्रोपगेशन स्वतः लिहायचं. स्वेल्ट या आणखी एका फ्रेमवर्कात तर फ्रेमवर्क न बदलताही लिहिणं बदलतं: 2024 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत ‘ऑन:क्लिक’मधला कोलन गेला.

पण हे सगळं तासाभरात सापडतं. माझे दोन दिवस खाल्ले ते एका मेनूने. जुनं पान जेक्वेरीचं, त्यात एक तुकडा रिअ‍ॅक्ट 16 चा. मेनूबाहेर क्लिक केलं की तो मिटावा म्हणून जेक्वेरीने डॉक्युमेंटवर (अख्ख्या पानावर) लिसनर, म्हणजे क्लिक ऐकणारा कोड, लावलेला. मेनूतल्या क्लिकने तो मिटू नये म्हणून मी रिअ‍ॅक्टच्या हँडलरमध्ये, म्हणजे क्लिकवर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, स्टॉपप्रोपगेशन लिहिलं. तरी मेनू मिटतच होता! मी स्टेट तपासली, सीएसएस तपासलं, शेवटी कॅशवर खापर फोडलं. ते आपण सगळेच फोडतो.

झालं होतं असं, की रिअ‍ॅक्ट 16 बटणावर लिसनर लावतच नव्हतं. क्लिकसाठी एकच लिसनर, तोही थेट डॉक्युमेंटवर. क्लिक बुडबुड्यासारखं वर वर जात डॉक्युमेंटला पोचलं, की मगच माझा हँडलर चालणार. तेव्हा ‘वर जाऊ नकोस’ कुणाला सांगणार? ते आधीच वर पोचलेलं. आणि जेक्वेरीचा लिसनर त्याच डॉक्युमेंटवर शेजारी बसलेला. स्टॉपप्रोपगेशन वरची वाट अडवतं, त्याच नोडवरच्या (पानातल्या त्याच घटकावरच्या) शेजाऱ्याला नाही.

2020 च्या ऑक्टोबरात आलेल्या 17 व्या आवृत्तीने हे लिसनर डॉक्युमेंटवरून उतरवून अ‍ॅप जिथे जोडलंय त्या रूट नोडवर आणले. एकाच पानावर दोन फ्रेमवर्क, किंवा रिअ‍ॅक्टच्याच दोन आवृत्त्या नांदाव्यात, हाच हेतू. आता हँडलर क्लिक डॉक्युमेंटला पोचायच्या आधीच चालतो, म्हणून आवृत्ती वाढवली आणि माझी तीच ओळ, अक्षरही न बदलता, काम करू लागली.