प्रश्न कुणाच्या कानावर पडतो?

मंडळी, चॅटबॉट, म्हणजे प्रश्न विचारला की माणसासारखं उत्तर देणारं फोनवरचं यंत्र. त्यावर व्याख्यान म्हटलं की सगळी चर्चा एकाच मुद्द्याभोवती फिरते: तो सांगतो ते खरं की खोटं. मुद्दा मोलाचा आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण आधी मला एक वेगळी काळजी आपल्यापुढे ठेवायची आहे. समजा, त्याचं उत्तर अगदी बरोबर आलं. विचारणाऱ्याचं काम झालं. तरीही गावाचं काहीतरी जातं, आणि जातंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी नोकरीभर कृषी विस्तार शिकवला. संशोधन केंद्रातलं ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवायचं शास्त्र, अशी त्याची पुस्तकी ओळख. माझ्या मते उलट दिशेची वाट त्याहून महत्त्वाची आहे. बांधावरचा प्रश्न वरपर्यंत पोचला पाहिजे. शेतकरी काय विचारतोय, कुठल्या गावात विचारतोय, एका आठवड्यात किती जण तेच विचारतायत, यावरून शिवारात काय चाललंय ते समजतं. उत्तराचा उपयोग ज्यानं विचारलं त्याला होतो; पण त्यानं विचारलं ही बातमी साऱ्या गावाच्या उपयोगाची असते.

करवीर, कागल, पन्हाळा, कुठल्याही तालुक्यातलं गाव घ्या. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला माणसं संस्थेच्या दारात येतात. आपला नंबर येईपर्यंत थोडं थांबावं लागतं. तेवढ्यात एकजण म्हणतो, "माझा ऊस वाळल्यागत दिसाय लागलाय, ओढला की बुडासकट हातात येतोय." दुसरा म्हणतो, "वड्याकडच्या पट्टीत माझं बी तसंच हाय." तिसरा काही बोलत नाही, पण घरी जायच्या आधी रानात जाऊन बघतो. हुमणी लागलीय हे गावाला असं कळत आलंय.

हुमणीवर थोडा रेंगाळतो, कारण सगळा मुद्दा तिच्यात आहे. ही अळी जमिनीत राहून मुळं खाते. वळवाचे पाऊस पडले की जमिनीतून भुंगेरे बाहेर येतात, तिन्हीसांजेला बाभळीवर, कडुनिंबावर जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. त्या थोड्या दिवसांत झाडं हलवून भुंगेरे पाडायचे, गोळा करायचे, रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवायचे, प्रकाश सापळे लावायचे. एकट्यानं हे करून भागत नाही. मी माझ्या बांधावरची बाभळ साफ केली आणि शेजारी गप्प बसला, तर त्याच्या झाडावरचे भुंगेरे माझ्या रानात अंडी घालणारच. गाव एकदम उठलं तरच उपाय लागू पडतो.

आता तोच शेतकरी, किंवा त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा, वाळलेल्या उसाचा फोटो काढून चॅटबॉटला विचारतो. मुलांच्या फोनवरचे असे संवाद मी वाचलेत. उत्तरं बऱ्याचदा चांगली असतात. हुमणीची शक्यता आहे, बेट उपटून मुळं तपासा, अळी मारणारी मेटारायझियम बुरशी वापरा, भुंगेरे सामुदायिकरीत्या गोळा करा. सगळं ठीक. पण ज्या समुदायानं गोळा करायचे, त्याला याचा पत्ताच नसतो. एकाच गल्लीत आठ घरांतल्या आठ जणांनी एकाच रात्री हेच विचारलेलं असू शकतं, आठही जणांना हेच उत्तर मिळालेलं असू शकतं, आणि सकाळी दूध घालताना आठही जण गप्प असतात. प्रत्येकाची शंका फिटलेली असते, मग बोलायचं कशाला?

इथे बसलेल्या ज्येष्ठांना उसावरची लोकरी मावा ही कीड आठवत असेल. २००२ साली तो पश्चिम महाराष्ट्रात आला. पानाच्या खालच्या बाजूला कापसासारखी पांढरी लव आणि सगळा फड चिकट. औषधं मारून लोक थकले. आधार दिला तो मित्रकीटकांनी, डिफा आणि मायक्रोमस यांनी. ही मित्रकीड मावा खाते. ज्या रानात ती वाढली तिथली पानं तोडून दुसऱ्याच्या रानात नेऊन सोडायची, असा उपाय. आता विचार करा, कुणाच्या रानात डिफा आहे आणि कुणाला हवी आहे हे कळायचं कसं? माणसांनी एकमेकांना विचारूनच. ते ज्ञान कुठल्याही पुस्तकात असूच शकत नव्हतं. ते त्या हंगामात, त्या शिवारात, तोंडातोंडीच जन्माला येत होतं. यंत्राला दिलेल्या जुन्या मजकुरात ते मिळणार नाही, कारण ते कुणी लिहिलंच नाही.

कुणी म्हणेल, प्रश्न हरवतात कुठे, ते कुठेतरी साठतातच की. बरोबर आहे. चॅटजीपीटी हा ओपनएआय कंपनीचा चॅटबॉट ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुला झाला. २०२५ च्या जुलैपर्यंत आठवड्याला सुमारे ७० कोटी माणसं तो वापरत होती आणि आठवड्याला सुमारे १,८०० कोटी संदेश त्यात लिहीत होती. हे आकडे कंपनीच्याच अभ्यासातले आहेत. लोक कशासाठी लिहितात हेही त्यात आहे: रोजच्या व्यवहारातला सल्ला, माहिती आणि लिखाणाची मदत, बहुतांश हेच. यातले बहुतेक संदेश नोकरी-धंद्याच्या कामाचे नसतात, घरातले असतात. म्हणजे माणसं काय विचारतायत याची मोजदाद होते. ती सातासमुद्रापार होते, आणि जिथून प्रश्न उठला त्या शिरोळात, त्या हातकणंगल्यात कुणालाच तिची खबर नसते.

रोगराईत तर याची किंमत फार मोठी आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, दूषित पाण्यातून पसरलेली. अशी साथ आधी कुणाच्या ध्यानात येते? गल्लीतल्या डॉक्टरच्या, औषधाच्या दुकानदाराच्या. "डोळे पिवळे दिसतायत, लघवी गडद होतेय" असं सांगणारा चौथा माणूस एकाच वॉर्डातून आला की डॉक्टर विचारतो, तुमच्याकडे पाणी कुठलं येतं हो? हा प्रश्न त्या डॉक्टरला सुचतो तो आधीच्या तीन जणांमुळे. चॅटबॉट चौघांनाही सांगेल, काविळीची लक्षणं आहेत, डॉक्टरकडे जा. जे गेले ते ठीक. जे "बघू दोन दिवस" म्हणून घरी बसले, ते त्या पाण्याच्या नळापर्यंत जाणाऱ्या धाग्यातून निसटले.

शाळेबद्दल थोडक्यात सांगतो. चांगला शिक्षक मुलांच्या शंकांवरून आपलं शिकवणं दुरुस्त करतो. वर्गातल्या वीस मुलांना अपूर्णांकांचा भागाकार कळला नाही आणि विसाच्या विसांनी तो घरी फोनवर उलगडून घेतला, तर दुसऱ्या दिवशी गुरुजी पुढच्या धड्याकडे वळतात. पुढच्या वर्षीही ते तसंच शिकवतात.

आता खऱ्या-खोट्याकडे येतो. हे यंत्र अफाट मजकुरावर तयार केलेलं असतं, आणि आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढचा तुकडा कुठला येण्याची शक्यता जास्त, हे काढत काढत ते वाक्य रचतं. त्यामुळे माहीत असलेली गोष्ट आणि शोभेलशी गोष्ट ते एकाच ठाम सुरात सांगतं. १८ ऑगस्ट २०२५ ला आपल्याकडे कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे पक्षकार आता इथे येतात, किती तरुण वकील या शहरात नवे उभे राहतायत. त्यांनी न्यूयॉर्कमधलं २०२३ चं प्रकरण लक्षात ठेवावं. तिथल्या वकिलांनी विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीनं दिलेले निवाडे दाखल केले आणि त्यातले कित्येक अस्तित्वातच नव्हते. पाच हजार डॉलर दंड झाला. मला त्यात सगळ्यात बोचतं ते हे की, निवाडा खरा आहे का असं त्या वकिलानं विचारलं होतं, पण विचारलं त्याच यंत्राला. ते हो म्हणालं. शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ वकिलाला विचारलं असतं तर त्यानं एवढंच म्हटलं असतं, "हा निवाडा मी कधी ऐकला नाही, प्रत आण बघू."

निर्णयाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. यंत्राला विचारणाऱ्याचं मन राखायची सवय लागू शकते. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती कंपनीला मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्याच्या हो ला हो करू लागली होती. जमीन विकून मुलाला धंदा काढून द्यावा का, हे जेव्हा माणूस रात्री एकटाच फोनला विचारतो, तेव्हा त्याच्या विचारण्यातच त्याचा कल उतरलेला असतो. आपल्या पेठेत हाच विषय तालमीच्या कट्ट्यावर काढला असता तर कुणीतरी म्हटलं असतं, "खुळा झालास काय रं? थोरला भाऊ काय म्हणतोय, त्याची सही लागंल का न्हाई?" त्या माणसाला तुमचा थोरला भाऊ माहीत असतो. उद्या तुम्ही अडचणीत आलात तर तो तुमच्या समोरून जाणार असतो, म्हणून तो जपून बोलतो. शिवाय त्या दिवसापासून गावातल्या एका माणसाला ठाऊक असतं की तुमच्या घरात काहीतरी शिजतंय, आणि तो लक्ष ठेवतो. हे लक्ष ठेवणं मला सल्ल्याइतकंच मोलाचं वाटतं.

पुराचं तर आपल्याला सांगायलाच नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं आपण पाहिलं. चिखलीतला माणूस रात्री शेजाऱ्याला हाक मारून विचारतो, "पाणी कुठवर आलं?" तेव्हा शेजारी उत्तर देतो, आणि उत्तर देता देता स्वतःची जनावरं सोडायला लागतो. ती हाक फोनमध्ये गेली तर शेजारी झोपलेलाच राहतो.

हे सगळं बोलताना एक गोष्ट मला सतत टोचत राहते, आणि ती बाजूला ठेवून मी पुढे जाऊ शकत नाही. कट्ट्यावर, दूध संस्थेच्या दारात, डॉक्टरच्या खोलीत बिनदिक्कत विचारायचा हक्क सगळ्यांना कधी होता? नवरा गेलेल्या बाईला सात-बाऱ्यावर वारस नोंद करून घ्यायची असते. ती कुणाला विचारणार? दिराला? त्याच्याच विरोधात तर अर्ज करायचा असतो. कचेरीत गेलं की "उद्या या". अर्ज कसा लिहायचा हे विचारलं तर बाहेरच्या टेबलावर पैसे मागतात. अशी एक बाई फोनला मराठीत बोलून विचारते आणि तिला नीट, आदरानं, पुन्हा पुन्हा न कंटाळता सांगितलं जातं की कुठली कागदपत्रं लागतात, अर्जात काय लिहायचं. तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की बाई, प्रश्न गावात विचार? पाळीच्या तक्रारीबद्दल विचारणारी मुलगी, मनातून खचलेला तरुण, इंग्रजी येत नाही म्हणून मुलाखतीला घाबरणारा फौंड्रीतला पोरगा, या सगळ्यांना गावानं हसून किंवा हाकलून गप्प केलेलं असतं. शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते ज्यांना विचारायची सोय नव्हती त्यांच्यासाठीच. तेव्हा माझं म्हणणं फोन सोडा असं नाही. त्या बाईनं फोनला विचारावंच. आपण मात्र हे ओळखावं की, तिच्यासारख्या शंभर बायका वारस नोंदीबद्दल विचारतायत ही गोष्ट तहसीलदारांच्या कानावर पडायला हवी, आणि तिचं नाव न घेता पडायला हवी.

आणि हे करता येण्यासारखं आहे. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे. शेतकरी फोन करतो, माणूस उत्तर देतो, आणि कुठल्या जिल्ह्यातून कुठल्या पिकाबद्दल काय विचारलं गेलं याच्या नोंदी केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर ठेवल्या जातात. माझ्या विद्यार्थ्यांनी त्यावर अभ्यास केलेत. कुठल्या महिन्यात कुठली कीड वाढते ते त्या प्रश्नांत स्पष्ट दिसतं. राज्य सरकारनं २०२५ मध्ये शेतीसाठी एआय धोरण मंजूर केलं, आणि मराठीतून उत्तरं देणारं महाविस्तार ॲपही आलंय. हे सगळं आपल्याच पैशांतून होतंय. मग आपली मागणी अशी असली पाहिजे: दर आठवड्याला, तालुकावार, शेतकऱ्याचं नाव-नंबर काही न देता, पीक आणि तक्रार एवढंच सांगणारी यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. राधानगरीत या आठवड्यात भाताच्या करप्याबद्दल किती जणांनी विचारलं, शिरोळात हुमणीबद्दल किती जणांनी. खाजगी कंपन्यांकडूनही जिल्हा आरोग्य यंत्रणेला लक्षणांची अशी निनावी मोजणी मिळावी, यासाठी कायदा करावा लागेल आणि त्याला वेळ लागेल. सरकारी ॲपसाठी मात्र कायद्याची वाट बघायची गरज नाही, एक आदेश पुरे आहे.

या मागणीचं निवेदन मी लिहून आणलंय. दारापाशी टेबलावर ठेवलंय. दूध संस्थांचे सचिव, ग्रामपंचायत सदस्य, कृषी सहाय्यक यांनी जाताना वाचावं, काही कमी-जास्त वाटलं तर समासात लिहावं आणि मग सही करावी. सोमवारी आम्ही काहीजण ते घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहोत. ज्यांना बरोबर यायचं असेल त्यांनी नाव देऊन ठेवा.